खान्देशच्या उन्हातील जुनी मोटार : घरच्या घरी निगा आणि दुरुस्ती

जुनी मोटार विकत घेणे हौसेचे काम असले, तरी ती चालती ठेवणे हे शिस्तीचे काम आहे. खान्देशात ही शिस्त अधिकच काटेकोरपणे पाळावी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, काळ्या मातीची बारीक धूळ प्रत्येक सांध्यात शिरते आणि पावसाळ्यात तीच धूळ ओलावा धरून पत्रा कुजवते. त्यात आता दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचा खर्च वाढला आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातील गाडी पुढील पिढीच्या हाती चालत्या स्थितीत जाणार की भंगाराच्या वजनाने, याचा निर्णय बहुतेक वेळा मोठ्या बिघाडाने होत नाही. तडकलेली रबरी नळी, तुंबलेला रेडिएटर किंवा न बदललेले ब्रेक ऑइल यांसारख्या लहान दुर्लक्षांनी तो होतो. या लहान गोष्टी घरी करता येतात. मात्र, घरी काय करावे आणि कोठे थांबावे, हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

कोणत्या गाड्या?

भारतात अस्सल स्पोर्ट्स कार फारशा तयार झाल्या नाहीत. सॅन मोटर्स या कंपनीने १९९८च्या सुमारास गोव्यात बनवलेली ‘स्टॉर्म’ ही फायबरच्या बॉडीची, दोन आसनांची उघडी गाडी हा एक अपवाद. त्यामुळे वेगाची हौस असणाऱ्यांनी उपलब्ध गाड्यांमध्येच आपला आनंद शोधला. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१पासून तयार केलेली ‘स्टँडर्ड हेराल्ड’ ही त्यांपैकी एक. मूळची ती ब्रिटनमधील ‘ट्रायम्फ हेराल्ड’. तिचीच चासी आखूड करून १९६२मध्ये ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही प्रसिद्ध स्पोर्ट्स कार बाजारात आली. अर्थात ९४८ सीसीची साधी हेराल्ड ही एका स्पोर्ट्स कारची जवळची नातलग ठरते.

दुसरी गाडी अधिक परिचित. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ला येथे बनवलेली फियाट ११००. तिचे ‘डिलाइट’ हे रूप १९६४मध्ये आले आणि १९७४मध्ये तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर आणि मागच्या चाकांना मिळणारी गती ही तिची वैशिष्ट्ये. टॅक्सी म्हणून ती ओळखली गेली, तरी शर्यतींसाठी तिचे इंजिन फुलवणारे तंत्रज्ञही तिच्याच भोवती घडले.

घरगुती दुरुस्तीच्या दृष्टीने या दोन्ही गाड्या सोयीच्या आहेत. त्यांत संगणक नाही आणि इंजिनाभोवती हात घालायला जागा आहे. हेराल्डचे तर बॉनेट मडगार्डांसह पुढे उलटते आणि इंजिन व पुढची चाके पूर्ण उघडी पडतात. पुढील माहिती प्रामुख्याने या दोन गाड्यांच्या संदर्भात असली, तरी कार्बोरेटर असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांना ती लागू पडते.

उष्णता : पहिला शत्रू

फियाट-पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे आहे. इंजिन एकदा जरी अति तापले, तरी हे हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात मिसळते. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ, पिवळसर फेस दिसणे, विनाकारण पाणी कमी होणे आणि सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येणे ही त्याची लक्षणे. हेड काढून लेथवर सपाट करून घेण्याची वेळ येण्याआधीच पाण्याची व्यवस्था सुधारणे स्वस्त पडते.

येथे पहिला प्रश्न पाण्याचा आहे. बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये भरण्याची सवय अनेकांना असते. घरातील भांड्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत आणि ब्लॉकच्या पोकळीत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण बाटलीवरील प्रमाणानुसार भरावे. खान्देशात पाणी गोठण्याची भीती नसली, तरी कूलंट गंज रोखतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतो. त्यामुळे तो येथेही हवाच.

दर उन्हाळ्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारीअखेर, पुढील तपासण्या कराव्यात. पंख्याचा पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबून त्याचा ताण पाहावा. तो तडकलेला असल्यास बदलावा. रेडिएटरच्या वरच्या-खालच्या नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. फुगलेली, मऊ पडलेली किंवा कडक होऊन चिरलेली नळी ताबडतोब काढावी. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि धूळ मागील बाजूने पाण्याच्या मंद धारेने धुवावी. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्यापेक्षा तो गरम पाण्याच्या भांड्यात टाकून उघडतो की नाही हे पाहावे आणि बिघडला असल्यास नवा बसवावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील पाणी उसळून चेहरा भाजण्याचा धोका असतो.

चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट, धुळ्याजवळील लळिंग घाट किंवा सेंधव्याच्या दिशेने बिजासन घाट चढताना जुन्या गाडीला खालच्या गिअरमध्ये, एकसारख्या गतीने जाऊ द्यावे. काटा वर सरकू लागला तर गाडी सावलीत उभी करून इंजिन आपोआप निवू द्यावे. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतल्यास तो तडकू शकतो.

पेट्रोल आणि इथेनॉल

इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पत्रा आतून गंजतो. शिवाय इथेनॉल हा चांगला द्रावक असल्याने टाकीतील जुना मळ सुटून फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये येतो. जुन्या काळातील रबर आणि बुचाची गॅस्केट त्यामुळे फुगतात किंवा ठिसूळ होतात. काही जुन्या वाहनांत रबरी भाग व गॅस्केट बदलावी लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५मध्ये मान्य केले आहे.

यासाठी करावयाची कामे घरच्या हत्यारांनी होण्यासारखी आहेत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदलून इथेनॉल सहन करणारी नळी टाकावी. पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधील सुईची झडप नव्या दर्जाची बसवावी. पंपापूर्वी पारदर्शक फिल्टर लावल्यास मळ दिसतो. मिश्रणात इथेनॉल वाढल्याने इंजिनाला पेट्रोल थोडे कमी पडते. नव्या गाड्यांतील संगणक ते आपोआप भरून काढतो, कार्बोरेटर काढत नाही. प्लगचे टोक पांढरेफटक दिसू लागले, इंजिन झटके देऊ लागले किंवा नेहमीपेक्षा अधिक तापू लागले, तर मुख्य जेट एक पायरी मोठा बसवून पाहावा. तपकिरी रंगाचे टोक ही योग्य मिश्रणाची खूण समजावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

हेराल्डधारकांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. देशात १ फेब्रुवारी २०००पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. बिडाच्या हेडमध्ये थेट कोरलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकांना शिशाचे संरक्षण मिळत असे. ते गेल्यावर बैठक हळूहळू झिजते आणि टॅपेटमधील फट कमी होत जाते. ही फट वारंवार कमी भरत असेल, तर हेड उतरवून कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. पद्मिनीच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये बैठका मुळातच वेगळ्या बसवलेल्या असल्याने तेथे हा प्रश्न तितका तीव्र नाही.

गरम झाल्यावर गाडी बंद पडते, दोष कोणाचा?

दुपारी गाडी व्यवस्थित चालते, सिग्नलला थांबली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, ही उन्हाळ्यातील सर्वांत सामान्य तक्रार. तिची प्रमुख कारणे दोन. पहिले, इंजिनाच्या अंगाला बसवलेल्या पंपात किंवा नळीत पेट्रोल उकळून वाफ अडकणे. दुसरे, डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइल गरम झाल्यावर निकामी होणे. दोन्हींची लक्षणे सारखी असल्याने अनेकदा चुकीचा भाग बदलला जातो.

फरक ओळखण्याची चाचणी सोपी आहे. गाडी बंद पडताच एक प्लग काढून त्याला वायर जोडावी, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि दुसऱ्या व्यक्तीला स्टार्टर फिरवायला सांगावे. ठिणगी निळी आणि जोरकस असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला आहे. ठिणगी पिवळी, क्षीण किंवा मुळीच नसेल तर कंडेन्सर, कॉइल आणि पॉइंट तपासावेत. ही चाचणी करताना वायर इन्सुलेटेड पक्कडीने धरावी आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करावी.

वाफ अडकत असेल तर पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुना उपाय तात्पुरता कामी येतो. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर वळवणे आणि तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवणे. पॉइंटमधील फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. या दोन्ही गाड्यांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. प्लगच्या वायरी काढण्यापूर्वी त्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यास गोंधळ टळतो.

ब्रेक आणि सांधे : येथे तडजोड नको

इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. ब्रेक गेले तर ती थांबत नाही. त्या काळातील बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकची तेलवाहिनी एकच असते. एका चाकाचा वॉशर फाटला तरी पेडल तळाला जाते. ब्रेक ऑइल ओलावा शोषते आणि घाट उतरताना ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते. म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. चाकातील सिलिंडरची रबरे, लवचीक नळ्या आणि मास्टर सिलिंडरची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते; ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

पुढच्या चाकांच्या सांध्यांची निगा प्रत्येक गाडीत वेगळी असते. फियाटच्या किंगपिनला ग्रीस गनने नियमित ग्रीस द्यावे लागते. याउलट हेराल्डच्या पुढील चाकाखालचा ‘ट्रनियन’ हा सांधा ग्रीसने नव्हे, तर गिअर ऑइलने भरायचा असतो. तेथे ग्रीस कोंबल्यास ते आट्यांपर्यंत पोहोचत नाही, आत गंज चढतो आणि वळणावर सांधा तुटून चाक आडवे होते. सर्वच निपलांवर सारखे ग्रीस मारणाऱ्या सर्व्हिसिंग केंद्राला ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी.

टायरमध्ये नक्षी शिल्लक असली तरी रबराचे वय पाहावे. बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवतात. उन्हात उभ्या गाडीच्या टायरला बाजूने बारीक चिरा पडल्या असतील, तर ते लांबच्या प्रवासाला वापरू नये.

घरी काम करताना केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. लोखंडी स्टँड लावावेत. बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवू नये, कारण त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलची टाकी, चासीचे वेल्डिंग आणि स्टिअरिंग बॉक्स ही कामे अनुभवी कारागिरावरच सोपवावीत. रिकामी दिसणारी टाकीही आतील वाफेमुळे वेल्डिंगच्या ज्वालेने फुटू शकते.

अनेक वर्षे उभी असलेली गाडी

वाड्याच्या किंवा मळ्यातील शेडमध्ये दहा-पंधरा वर्षे उभी असलेली गाडी बॅटरी लावून लगेच सुरू करण्याचा मोह टाळावा. आधी जुने पेट्रोल आणि इंजिन ऑइल काढून टाकावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि एक-दोन दिवस मुरू द्यावे. नंतर पुढच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. ते अडत असेल तर जोर न लावता पुन्हा तेल सोडावे. सुगीनंतर उंदीर आडोसा शोधत बॉनेटमध्ये घर करतात. म्हणून वायरिंग टोकापासून टोकापर्यंत पाहावे. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. ते न पाहता बॅटरी उलटी जोडल्यास विद्युत भाग जळतात. टाकी धुऊन, नळ्या बदलून आणि ब्रेक दुरुस्त करूनच इंजिन सुरू करावे. सुरू होताच पहिली नजर तेलाच्या दाबाच्या दिव्याकडे असावी.

गाडी ठेवण्यासाठी पत्र्याच्या बंद शेडपेक्षा हवा खेळती राहणारी सावली चांगली. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ओलावा कोंडतो आणि पत्रा लवकर कुजतो. त्याऐवजी सुती आच्छादन वापरावे. पावसाळ्यापूर्वी दरवाजांच्या तळाची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. गंजाचा फोड दिसल्यास त्यावर लांबी भरून रंग न देता तो भाग पत्र्यापर्यंत घासावा आणि आधी प्रायमर द्यावा.

सुटे भाग आणि कारागीर

पद्मिनीचे भाग मुंबईत ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात, तर इतर जुन्या गाड्यांचे भाग दिल्लीच्या काश्मिरी गेट बाजारात शोधावे लागतात. हेराल्ड आणि स्पिटफायरचे अनेक भाग समान असल्याने ते ब्रिटनमधील विक्रेत्यांकडे अजूनही नवे मिळतात. स्थानिक पातळीवर मात्र खान्देशची बाजू कमकुवत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या संगमावरील धुळ्यात मालमोटारींच्या दुरुस्तीची परंपरा आहे. कमानीचे पाटे, रेडिएटर आणि लेथची कामे करणारे कारागीर धुळे व जळगावात आहेत. जुना भाग टाकून न देता नमुना म्हणून नेल्यास बुश, पिन आणि स्टड तयार करून मिळतात. त्यामुळे काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून डब्यात ठेवण्याची सवय लावावी.

कागदपत्रे

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकृत करावी लागते. २०२५च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क १० हजार रुपये, तर आयात केलेल्या मोटारीसाठी ८० हजार रुपये झाले आहे. राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट या बाबी वेगळ्या आहेत. केवळ वय झाले म्हणून खासगी गाडी मोडीत काढण्याची सक्ती महाराष्ट्रात नाही.

५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी २०२१पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय आहे. तिचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क पाच हजार रुपये आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मुभा असते. अधूनमधून जळगाव-धुळे प्रवास करू इच्छिणाऱ्यांनी म्हणूनच सर्वसाधारण नोंदणी चालू ठेवणे श्रेयस्कर. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी व्हिंटेज नोंदणीस पात्र ठरत नाही. इंजिन बदलावयाचे असल्यास परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंदणी पुस्तकात नोंद आवश्यक असते.

वर्षभराचे वेळापत्रक

- दर आठवड्याला : इंजिन ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल आणि टायरमधील हवा पाहणे, गाडी किमान आठ-दहा किलोमीटर चालवणे.
- दर महिन्याला : बॅटरीची टोके साफ करणे, एअर फिल्टर झटकणे, पेट्रोलच्या नळ्या पाहणे.
- फेब्रुवारी : रेडिएटर, पट्टा, नळ्या, कूलंट.
- मे अखेर : वायपर, दरवाजांची भोके, चासीचा खालचा भाग, गंजरोधक लेप.
- ऑक्टोबर : इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे, सर्व निपलांना योग्य वंगण, प्लग, पॉइंट आणि टॅपेट.
- डिसेंबर : ब्रेकची पूर्ण तपासणी आणि कागदपत्रांच्या मुदती.

प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि बदललेला भाग एका वहीत लिहून ठेवावा. मूळ पुस्तिकेनंतर गाडीचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज हाच असतो. मूळ मालक किंवा जुना मिस्त्री हयात नसला, तरी पुढे गाडी सांभाळणाऱ्याला तिचा स्वभाव या वहीतूनच कळतो.